स्थानबद्धतेचा हुकूम कसा वाचावा

१. विषयप्रवेश

जुन्या दप्तरांचा संग्रह करणारे आपले लोक सनदा, महजर, निवाडपत्रें व ताकीदपत्रें ज्या आस्थेनें जपतात, त्या आस्थेनें गेल्या दोनशें वर्षांतील एका विशिष्ट जातीचा कागद क्वचितच जपला जातो. हा कागद म्हणजे स्थानबद्धतेचा हुकूम होय. तो बहुधा एका पानाचा असतो. मजकूर छापील अगर टंकलिखित, मधल्या रिकाम्या जागा शाईनें भरलेल्या, शेवटीं अधिकाऱ्याची सही व तारीख, एवढाच त्याचा विस्तार. त्यांत शाबीत गुन्ह्याचा उच्चार नसतो, साक्षीपुरावाहि नसतो. त्यामुळें घरच्या मंडळींस तो नकोशा आठवणीचा वाटतो व संग्राहकास नीरस वाटतो; आणि शेवटीं दोघांच्याहि हातून तो रद्दींत जातो.

ही उपेक्षा इतिहासाच्या दृष्टीनें हानिकारक आहे असें आमचें मत आहे. ह्या जातीच्या कागदांतील एका शब्दाच्या फरकानें मनुष्य तुरुंगांतून सुटला आहे. आणि दुसऱ्या एका कागदांत एक वाक्यांश घातलेला नव्हता म्हणून हजारों माणसें आंत राहिलीं आहेत. न्यायालयांनीं हे हुकूम वाचले ते जवळजवळ संशोधकाच्याच पद्धतीनें वाचले. लिहिणारा कोण, त्यास अधिकार कोणत्या लेखानें मिळाला, मायन्यांतील शब्द मूळ कायद्याशीं जुळतात काय, हुकूम व त्यास जोडलेले कागद ह्यांत विसंगति आहे काय, हेच प्रश्न तेथें विचारले गेले. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ राखण्याच्या कारणास्तव निघालेल्या हुकुमांना न्यायालयांत जीं आव्हानें देण्यांत आलीं, त्यांच्या आधारें हा कागद कसा वाचावा हें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

२. शिक्षा व स्थानबद्धता

शिक्षा घडलेल्या कृत्याबद्दल होते. स्थानबद्धता पुढें घडूं नये अशा कृत्याकरितां होते. शिक्षेपूर्वीं आरोप, पुरावा, उलटतपासणी व निवाडा ह्या पायऱ्या असतात. स्थानबद्धतेंत ह्यांपैकीं एकहि नसते. अमुक मनुष्य मोकळा राहिल्यास अमुक हिताला बाध येईल अशी एखाद्या अधिकाऱ्याची किंवा सरकारची खात्री झाली, कीं तेवढ्यावर त्यास कोंडतां येतें.

हा प्रकार आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला असें मात्र समजूं नये. राजकारणी पुरुषास आरोप न ठेवतां किल्ल्यावर अटकेंत ठेवण्याची चाल मराठी राज्यांत परिचित होती. १७९७ च्या अखेरीस पकडले गेलेले नाना फडणीस नगरच्या किल्ल्यांत होते हें सर्वांस ठाऊकच आहे. परंतु त्या काळीं असा कैदी सुटावयाचा तो राजकारण पालटलें म्हणजे सुटावयाचा. अटकेचा कागद कोणा तिऱ्हाइतापुढें ठेवून ‘हा कागद खरा आहे काय’ असें विचारण्याची सोय नव्हती. पुढील काळांत जें नवें आलें तें ही सोय होय, व तीहि फार सावकाश आली.

आतां ज्या मुद्यावर सर्व खटले फिरतात तो ध्यानांत घेतला पाहिजे. खात्री करून घेण्याचें काम कायद्यानेंच अधिकाऱ्यावर सोंपविलेलें असतें. म्हणून ती खात्री बरोबर कीं चूक हें न्यायालय स्वतः तपासीत नाहीं. मग न्यायालयापुढें उरतें काय? ज्यास अधिकार होता त्यानेंच खात्री करून घेतली काय; कायद्यांत सांगितलेल्या कारणाविषयींच ती झाली काय; ती खरोखर झाली कीं छापील मायन्यावर केवळ सही झाली; आणि बंदिवानास आपली बाजू मांडतां येईल इतक्या स्पष्टपणें कारणें कळविलीं काय, एवढेच प्रश्न उरतात. ह्या चारहि प्रश्नांचें उत्तर शोधावयाचें तें मुख्यतः कागदांतच शोधावें लागतें. शब्दांच्या काटेकोर वाचनास ह्या खटल्यांत एवढें महत्त्व आलें त्याचें कारण हेंच.

३. रेग्युलेशनांचा काळ

ह्या परंपरेचा आरंभ बंगालच्या १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनापासून धरतात. मद्रासेंत १८१९ चें दुसरें व मुंबई इलाख्यांत १८२७ चें पंचविसावें रेग्युलेशन त्याच धर्तीचें झालें. हें शेवटचें एल्फिन्स्टनच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायदेसंग्रहांतील होय. परराज्यांशीं असलेले संबंध, संस्थानिकांच्या मुलखांतील शांतता, आणि परचक्र किंवा अंतर्गत गडबड ह्यांपासून राज्याचें रक्षण, अशीं कारणें बंगालच्या रेग्युलेशनांत नमूद आहेत. हुकुमाचा नमुनाहि त्यांतच घालून दिला होता. बंदिवानाची वागणूक, प्रकृति व सोय ह्यांविषयीं ठराविक मुदतीनें वर कळविण्याचें बंधनहि ठेवणाऱ्या अधिकाऱ्यावर होतें. असे अहवाल मिळाल्यास त्यांची किंमत हुकुमाहून कमी लेखूं नये. कारण बंदिवान माणूस म्हणून कसा होता हें सरकारी दप्तरांत दुसरीकडे फारसें आढळत नाहीं. कारणें बंदिवानास कळविण्याची तरतूद मात्र नव्हती.

ह्या रेग्युलेशनास दिलेलें पहिलें गाजलेलें आव्हान अमीरखान ह्याचें होय. वहाबी चळवळीशीं संबंध असल्याच्या संशयावरून ह्या श्रीमंत व्यापाऱ्यास १८६९ त पकडण्यांत आलें. १८७० त कलकत्त्याच्या हायकोर्टापुढें हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे बंदिवानास न्यायालयापुढें हजर करून अटकेचें कारण दाखविण्याचा, अर्ज झाला. मुंबईचे बॅरिस्टर अँस्टी त्याच्यातर्फे उभे राहिले. न्या. नॉर्मन ह्यांनीं रेग्युलेशन कायदेशीर ठरवून अर्ज नामंजूर केला. रेग्युलेशनाप्रमाणें हुकूम आहे एवढें दिसलें म्हणजे त्याच्या पलीकडे न्यायालयानें जावयाचें नाहीं, ही वृत्ति येथून दृढ झाली.

पुण्याच्या वाचकास ह्या कायद्याची ओळख १८९७ त झाली. २२ जून रोजीं रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली. जुलै संपण्याच्या आंत लोकमान्य टिळक व नातू बंधु दोघेहि पकडले गेले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि १४ सप्टेंबर रोजीं त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बाळासाहेब व तात्यासाहेब नातू ह्यांना मात्र १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं अटकेंत ठेवलें. त्यांच्यावर खटलाच झाला नाहीं. ह्या दोन प्रकरणांच्या कागदांची तुलना उद्बोधक आहे. टिळकांच्या खटल्याचे आरोप, साक्षी, वकिलांचीं भाषणें व ज्यूरीस केलेला उपदेश हें सर्व छापून उपलब्ध आहे. आरोप अन्यायाचा असेल, परंतु तो काय होता हें आज कोणासहि वाचतां येतें. नातूंच्या बाबतींत ज्याचें खंडन करावें असा आरोपच कागदावर नाहीं. शिक्षा झालेल्यापाशीं निदान निवाडा असतो. स्थानबद्धापाशीं तोहि नसतो. १९०७ त लाला लजपतराय ह्यांना १८१८ च्या रेग्युलेशनाखालीं मंडालेस नेलें आणि त्याच वर्षीं परत आणून सोडलें, तेव्हांहि हेंच घडलें.

४. युद्धकालीन नियम

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं हिंदुस्थान संरक्षण कायदा, १९३९, व त्याखालील नियम अमलांत आले. त्यांतील नियम २६ खालीं सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, युद्धाचें कार्य इत्यादि कारणांस्तव कोणासहि स्थानबद्ध करतां येई. १९४२ च्या ऑगस्टनंतर ह्या कायद्याखालीं देशभर धरपकड झाली. राष्ट्रसभेच्या कार्यकारी मंडळाचे पुढारी नगरच्या ज्या किल्ल्यांत चौकशीवांचून ठेवले गेले, तो किल्ला नानांच्या अटकेचाच होय.

नियम २६ ला निर्णायक धक्का दिला तो मुंबईच्या केशव तळपदे ह्यांच्या खटल्यानें. फेडरल कोर्टानें हा निकाल एप्रिल १९४३ मध्यें दिला. मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर होते. मुद्दा संपूर्णपणें दोन लेखांच्या तुलनेचा होता. ज्या माणसाविषयीं वाजवी संशय आहे त्यास अटकेंत ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार कायद्याच्या कलम २ मध्यें दिला होता. नियमांत ‘वाजवी संशय’ हे शब्दच नव्हते. सरकारची खात्री झाली कीं पुरे, असें त्यांत होतें. वाजवी संशय ही बाहेरून तपासतां येण्याजोगी कसोटी आहे. केवळ खात्री ही तशी नाहीं. मूळ कायद्यानें दिली नाहीं तेवढी सत्ता नियमानें घेतली, म्हणून नियम २६ अवैध ठरला.

ह्यापूर्वीं दोनच वर्षें, म्हणजे १९४१ त, इंग्लंडांत लिव्हरसिज ह्याच्या खटल्यांत हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या बहुमतानें ‘वाजवी कारण’ ह्या शब्दांचा अर्थ मंत्र्यास वाजवी वाटणारें कारण असा केला होता. लॉर्ड ॲटकिन एकटे विरुद्ध गेले होते. हें लक्षांत घेतलें म्हणजे फेडरल कोर्टाच्या निर्णयाचें धैर्य कळून येतें.

परंतु सरकारनें त्याच महिन्यांत वटहुकूम काढून मूळ कलमाचे शब्दच बदलले, आणि हा बदल पहिल्यापासूनच होता असें मानावें असें ठरविलें. पुढें १९४५ त शिबनाथ बॅनर्जी ह्यांच्या प्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलनें तळपदे खटल्यांतील मत बरोबर नव्हतें असें म्हटलें. नियमास आधार देण्यास त्याच कलमांतील सर्वसाधारण अधिकार पुरेसा होता, असें त्याचें कारण दिलें. तथापि त्याच निकालांत दुसरें एक दार उघडें राहिलें. हुकुमावर ‘खात्री झाली आहे’ असें लिहिलें म्हणून ती झालीच असें अखेरपर्यंत धरलें पाहिजे असें नाहीं; पोलिसांच्या शिफारशीवर नित्याची सही झाली असें दाखवितां आलें तर हुकूम पडूं शकतो, हें तत्त्व मान्य झालें.

संग्राहकांनीं येथें एक गोष्ट टिपून ठेवावी. एप्रिल १९४३ च्या पूर्वीचा हुकूम व नंतरचा हुकूम दिसण्यांत सारखे असले, तरी त्यांच्या पाठीशीं असलेला कायदा शब्दशः एक नाहीं. म्हणून अशा हुकुमाची तारीख हा त्याच्या वाचनाचा पहिला आधार समजावा.

५. संविधानानंतर

२६ जानेवारी १९५० रोजीं संविधान अमलांत आलें. प्रतिबंधक स्थानबद्धतेची पद्धति संविधानानें बंद केली नाहीं. तिला अनुच्छेद २२ मध्यें कांहीं मर्यादा घातल्या. कारणें शक्य तितक्या लवकर कळविलीं पाहिजेत, हुकुमाविरुद्ध निवेदन करण्याची संधि दिली पाहिजे, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाचें तर सल्लागार मंडळाचें मत घेतलें पाहिजे, ह्या त्या मर्यादा. पुढच्याच महिन्यांत संसदेनें प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला. तो मुदतवाढ मिळत मिळत १९६९ अखेरपर्यंत चालला.

ह्या कायद्यास ए. के. गोपालन ह्यांनीं दिलेल्या आव्हानाचा निकाल १९ मे १९५० रोजीं लागला. बहुमतानें कायदा टिकला व गोपालन सुटले नाहींत. परंतु कायद्याचें कलम १४ सर्व न्यायाधीशांनीं रद्द केलें. बंदिवानास कळविलेलीं कारणें न्यायालयापुढें उघड करणें हें त्या कलमानें गुन्हा ठरविलें होतें. म्हणजे कागद हातांत आहे, पण तो न्यायाधीशास दाखवावयाचा नाहीं, अशी ती स्थिति होती. हें कलम गेल्यामुळेंच कारणांचा कागद न्यायालयाच्या दप्तरांत येऊं लागला. आज ह्या विषयाचा अभ्यास करणें जें शक्य झालें आहे त्याचें पुष्कळसें श्रेय ह्या एका गोष्टीस आहे.

जानेवारी १९५१ मध्यें मुंबई राज्य विरुद्ध आत्माराम श्रीधर वैद्य ह्या खटल्यांत कारणांच्या स्पष्टतेचा प्रश्न आला. बंदिवानास निवेदन करतां येईल इतकीं कारणें स्पष्ट पाहिजेत. मागाहून तपशील देतां येईल, पण मागाहून नवीं कारणें जोडतां येणार नाहींत, असें सुप्रीम कोर्टानें सांगितलें. म्हणून एकाच प्रकरणांत दोन तारखांचीं कारणपत्रें मिळाल्यास दुसरें पहिल्याची नक्कल समजून टाकून देऊं नये. दुसऱ्यांत काय वाढविलें ह्यावरच कित्येकदां निकाल अवलंबून असे.

भाषेचा प्रश्न १९६२ त हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या खटल्यांत सुटला. नागपूरच्या ह्या बंदिवानास कारणें इंग्रजींत देण्यांत आलीं होतीं. त्यास इंग्रजी येत नव्हतें. त्यानें हिंदी प्रत मागितली, ती नाकारण्यांत आली. तोंडी भाषांतर करून सांगितलें होतें, असा बचाव झाला. जो कागद मनुष्यास वाचतां येत नाहीं तो त्यास कळविला असें म्हणतां येत नाहीं, अशा आशयाचा निर्णय देऊन न्यायालयानें त्याची सुटका केली. इंग्रजी हुकुमाबरोबर मराठी किंवा हिंदी प्रत जोडलेली आहे कीं नाहीं हें पाहणें त्यामुळें महत्त्वाचें ठरतें.

६. डॉ. लोहिया ह्यांचा हुकूम

आतां ज्या खटल्याकरितां हा लेख मुख्यतः लिहिला त्याकडे वळूं. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आणीबाणी जाहीर झाली होती, व ३ नोव्हेंबर १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें स्थानबद्धांचा मूलभूत हक्कांसाठीं न्यायालयांत जाण्याचा मार्ग बंद झाला होता. परंतु त्या आदेशांत एक अट होती. मनुष्याचें स्वातंत्र्य भारत संरक्षण वटहुकुमाखालीं किंवा त्याखालील नियमाखालीं अगर हुकुमाखालीं हिरावलें गेलें असेल तरच हा मार्ग बंद, असे तिचे शब्द होते.

९ ऑगस्ट १९६५ रोजीं पाटण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटांनीं डॉ. राममनोहर लोहिया ह्यांच्याविरुद्ध स्थानबद्धतेचा हुकूम काढला. त्यांस हजारीबागच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. भारत संरक्षण नियम, १९६२, ह्यांतील नियम ३० प्रमाणें ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ राखण्यासाठीं स्थानबद्ध करतां येई. हुकुमांत मात्र ‘सार्वजनिक सुरक्षितता’ व ‘कायदा आणि सुव्यवस्था’ हे शब्द पडले होते. नियमांतील शब्द ‘पब्लिक ऑर्डर’. हुकुमांतील शब्द ‘लॉ अँड ऑर्डर’. लोहियांचा अर्ज सुप्रीम कोर्टापुढें आला व ७ सप्टेंबर १९६५ रोजीं त्याचा निकाल लागला.

सरकारचें म्हणणें असें कीं, दोन्ही शब्दप्रयोगांचा अर्थ एकच. निदान मॅजिस्ट्रेटांच्या मनांत सार्वजनिक सुव्यवस्थाच होती. न्या. सरकार ह्यांनीं हें मानलें नाहीं. ज्या कागदानें मनुष्याचें स्वातंत्र्य हिरावलें तो कागद स्वतःच्या शब्दांवर उभा राहिला पाहिजे. लिहिणाऱ्याच्या मनांत काय होतें हें प्रतिज्ञालेखानें मागाहून भरून काढतां येणार नाहीं. हुकुमांत ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हें वैध कारणहि होतें. पण दोन कारणांपैकीं एक निराधार ठरलें तर उरलेल्या एकट्या कारणावर अधिकाऱ्यानें हुकूम काढला असता कीं नाहीं हें कोण सांगणार? म्हणून सबंध हुकूम पडतो. हें तत्त्व शिब्बनलाल सक्सेना ह्यांच्या खटल्यांत पूर्वींच स्थापित झालें होतें.

आणि आदेशांतील ‘खालीं’ ह्या शब्दाचा परिणाम येथेंच दिसून आला. हुकूम नियमांत बसत नाहीं. म्हणून स्थानबद्धता नियमाखालची नव्हे. म्हणून राष्ट्रपतींच्या आदेशानें बंद झालेलें दार ह्या बंदिवानास बंद नाहीं. एका न्यायाधीशांचें भिन्न मत पडलें. बहुमतानें लोहियांची सुटका झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस ओरिसाच्या जगन्नाथ मिश्र ह्यांचें प्रकरण निकालांत निघालें. तेथें हुकुमांत सहा कारणें एकापुढें एक लिहिलीं होतीं, आणि मंत्र्यांच्या प्रतिज्ञालेखांत दोनच आलीं. नियमांतील यादी जशीच्या तशी उतरून घेतली, विचार केला नाहीं, असें ह्यावरून अनुमान निघालें व हुकूम रद्द झाला. छापील नमुन्यांतील नको तीं कारणें खोडलीं आहेत कीं तशींच ठेवलीं आहेत, हें वरकरणीं क्षुल्लक दिसणारें लक्षण किती बोलकें असतें ह्याचें हें उत्तम उदाहरण होय.

७. तीन वर्तुळें

लोहिया खटल्यांत न्या. हिदायतुल्ला ह्यांनीं दोन शब्दप्रयोगांतील भेद एका आकृतीनें स्पष्ट केला. एकांत एक अशीं तीन वर्तुळें कल्पावीं. सर्वांत मोठें ‘कायदा व सुव्यवस्था’ ह्याचें, त्याच्या आंत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ ह्याचें, आणि सर्वांत आंतलें ‘राज्याची सुरक्षितता’ ह्याचें. कोणत्याहि गुन्ह्यानें कायदा व सुव्यवस्था बिघडते; पण त्यानें सार्वजनिक सुव्यवस्था बिघडतेच असें नाहीं; आणि सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली तरी राज्य धोक्यांत येतेंच असें नाहीं. दोन दारुडे भांडले तर पोलिसांनीं साध्या कायद्यानें बंदोबस्त करावा. तेच दोघे परस्परविरोधी जमातींचे असून त्यांच्या भांडणावरून जमातींत तेढ पेटविण्याचा यत्न होईल, तर प्रश्न दुसऱ्या वर्तुळांत शिरतो.

ह्या विवेचनाचें मूळ आणखी मागें आहे. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ ह्या पत्रास मद्रास सरकारनें केलेली बंदी सुप्रीम कोर्टानें मे १९५० मध्यें रोमेश थापर ह्यांच्या खटल्यांत रद्द केली होती. सार्वजनिक सुव्यवस्था हें व्यापक कारण व राज्याची सुरक्षितता हें त्याहून गंभीर कारण, हा भेद तेथें मांडला गेला. त्यानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनें भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या कारणांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द घालण्यांत आले.

पुढें अरुण घोष ह्यांच्या खटल्यांत न्या. हिदायतुल्ला ह्यांनीं कसोटी अधिक नेमकी केली. कृत्याचा प्रकार पाहून भागत नाहीं. त्याचा परिणाम समाजाच्या नित्य जीवनावर कोठवर पोंचतो हें पाहिलें पाहिजे. एकच कृत्य एका ठिकाणीं व्यक्तीपुरतें राहतें व दुसऱ्या ठिकाणीं सगळ्या वस्तीचें जाणें-येणें थांबवितें. ही कसोटी आजतागायत वापरांत आहे. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा व महाराष्ट्राचा १९८१ चा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींविषयींचा कायदा ह्यांखालील हुकूम तपासतांना ती लावली जाते. तेलंगणातील एका प्रकरणांत २०२१ त सुप्रीम कोर्टानें फसवणुकीच्या फिर्यादींवरून काढलेला हुकूम ह्याच भेदावर रद्द केला. जामीन मिळाला म्हणून मनुष्य स्थानबद्ध करावयाचा नसतो, जामीन रद्द करून मागावयाचा असतो, असा त्याचा इत्यर्थ.

मात्र न्यायालयानें फट दाखवावी व विधिमंडळानें ती बुजवावी, हा १९४३ चा क्रम पुढेंहि चालला. एक कारण पडल्यास सगळा हुकूम पडतो हें तत्त्व राष्ट्रीय सुरक्षा कायद्यापुरतें १९८४ त कलम ५-अ घालून बदलण्यांत आलें. त्याअन्वयें प्रत्येक कारण स्वतंत्र समजावयाचें. म्हणून १९६५ च्या हुकुमास लागू असलेला नियम १९८५ च्या हुकुमास लावूं नये.

८. नसलेला वाक्यांश

लोहियांना ज्या शब्दानें तारलें त्याचें महत्त्व दहा वर्षांनीं त्याच्या अभावावरून कळलें. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशांत अनुच्छेद १४, २१ व २२ ह्यांच्या अंमलबजावणीसाठीं न्यायालयांत जाण्याचा हक्क स्थगित केला. आणि ह्या वेळीं ‘अमुक कायद्याखालीं स्वातंत्र्य हिरावलें असल्यास’ ही अट घातलीच नाहीं. अनेक उच्च न्यायालयांनीं तरीहि हुकुमाची वैधता तपासतां येईल असें म्हटलें. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचें नागपूर खंडपीठहि होतें. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजीं जबलपूर खटल्यांत सुप्रीम कोर्टाच्या चार न्यायाधीशांनीं ती वाट बंद केली. पूर्वीचा आदेश सशर्त होता, हा बिनशर्त आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक मुख्य आधार होता. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरुद्ध गेले. हा निर्णय २०१७ त पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायाधीशांच्या पीठानें चुकीचा ठरविला. आणि अनुच्छेद २० व २१ आणीबाणींतहि स्थगित करतां येणार नाहींत अशी तरतूद त्यापूर्वींच चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें झाली होती.

आणीबाणींतील मिसा कायद्याचे हुकूम महाराष्ट्रांतील पुष्कळ घरीं असणें संभवनीय आहे. त्यांच्यासंबंधीं एक खुलासा अवश्य आहे. १९७५ त त्या कायद्यांत घातलेल्या कलम १६-अ प्रमाणें त्याखालील बंदिवानांस कारणें कळविण्याची आवश्यकता ठेवली नव्हती. तेव्हां अशा जुडग्यांत कारणपत्र नसेल तर तें गहाळ झालें असें समजूं नये. तें दिलेंच गेलें नसावें. येथें कागदाचा अभाव हाच पुरावा आहे.

९. संग्राहकांस सूचना

वरील विवेचनावरून संग्रहाची दिशा स्पष्ट होते. एका प्रकरणाचे साधारणतः सहा कागद असतात: हुकूम, कारणपत्र, बंदिवानाचें निवेदन, सल्लागार मंडळानंतर आलेलें उत्तर, न्यायालयांतील अर्ज व त्यावरील प्रतिज्ञालेख, आणि निकाल. ह्यांपैकीं निकाल तेवढा कायद्याच्या मासिकांत छापला जातो, तोहि गाजलेल्या प्रकरणाचाच. बाकीचे पांच ज्याच्या त्याच्या घरीं किंवा सरकारी दप्तरांत राहतात. म्हणून ते एकत्र ठेवावे, एकमेकांपासून सोडवूं नयेत.

हुकूम वाचतांना प्रथम तारीख व कायद्याचें कलम पाहावें, आणि त्या दिवशीं तें कलम कोणत्या शब्दांत होतें हें ताडून घ्यावें. नंतर सही कोणाची व कोणत्या नात्यानें केली तें पाहावें. मग कारणाचे शब्द मूळ इंग्रजींतून अक्षरशः उतरून घ्यावे. मराठी बातमीवर येथें विसंबूं नये. कारण ‘पब्लिक ऑर्डर’ व ‘लॉ अँड ऑर्डर’ ह्या दोहोंस नुसतें ‘सुव्यवस्था’ किंवा ‘शांतता’ म्हणून चालविणें सहज घडतें, आणि ज्या भेदावर सुटका झाली तो भेदच भाषांतरांत लोपतो. छापील मजकूर व हातानें भरलेला मजकूर निरनिराळ्या खुणांनीं दाखवावा. खोडलेलीं कारणें कंसांत ठेवावीं. हुकूम हातीं पडल्याची तारीख, पोंच दिल्याची सही, लिफाफ्यावरील शिक्के ह्यांपैकीं कांहींहि गाळूं नये. निवेदनाची नक्कल असल्यास ती सर्वांत मौल्यवान समजावी. कारण साऱ्या जुडग्यांत बंदिवानाचा स्वतःचा आवाज तेवढ्याच कागदांत असतो. हयात व्यक्तींचे कागद मात्र त्यांच्या संमतीवांचून प्रसिद्ध करूं नयेत.

ज्यावर खटला झाला नाहीं त्याचा इतिहास लिहिण्यास न्यायालयाचें दप्तर उपयोगी पडत नाहीं. सरकारी दप्तरांत त्याच्याविषयीं सरकारचें मत मिळेल, त्याची बाजू मिळणार नाहीं. ती मिळण्याची शक्यता ह्या घरगुती जुडग्यांतच आहे, आणि त्यांतील कागद हलका व टंकलेखनाची शाई फिकट असल्यामुळें तीं फार दिवस टिकणारीं नाहींत. ज्यांच्या संग्रहांत अशीं जुडगीं असतील त्यांनीं तीं सोडून पाहावीं, त्यांची यादी करावी व प्रतिकृति करून ठेवाव्या, एवढी आमची त्यांस विनंति आहे.